रजईचा बोळा

८ जानेवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू मागे दिलेल्या खानावळीच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तिथून उठून गेला असलास तर खानावळवाल्याने खुशाल चुलीत घालावं.

तुझे भावोजी गेले. गल्लीच्या टोकाची पाण्याची टाकी फुटली. चांगलं उजाडलेलं होतं. मी कोळशाचं पोतं काढायला माळ्यावर चढले होते म्हणून राहिले. खाली बघितलं तर खाली काही नव्हतंच. ना दुकान, ना कपाट, ना ह्यांचं शिलाई मशीन. मशीन कोपऱ्यावरच्या गटारात उलटं सापडलं. हे त्याच्या बरेच पुढे. समोरच्या मास्तरांची आई पण गेली. बाकीच्यांचं सामान गेलं, सामानाचं मी धरत नाही.

आता नीट वाच. टाकीवाला तुला आठवत असेल, उजवा कान दुमडलेला. टाकीखालच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. सकाळी पंप लावायचा आणि टाकी भरली की वरच्या नळीतून जास्तीचं पाणी त्याच्या पत्र्यावर पडायचं. तो आवाज आला की पंप बंद करायचा, एवढंच त्याचं काम. तर ह्या राजेसाहेबांना त्या टपटपीने झोप लागेना. त्याने काय केलं असेल? नळीतच बोळा कोंबला. आपल्या जुन्या रजईचा. पंप लावला आणि पुन्हा लवंडला. आवाज येईना, पंप थांबेना, पाणी काठाच्या वर गेलं आणि जुनी भिंत फुटली. ढिगाऱ्यातून ती नळी मी स्वतः उपसून काढली. बोळा अजून आतच होता. निळी फुलं. ती रजई त्याने उन्हात टाकलेली मी रोज बघायची.

तो त्याच सकाळी पळाला. पोलीस आले, लिहून घेतलं, चहा प्याले, गेले. मिठाच्या ट्रकवाल्या एका ड्रायव्हरने त्याला बंदराच्या रस्त्याला बघितलंय.

मला तो हवा आहे. तू आजवर बिनकामाचा भटकलास, आता कामाने भटक.

तुझी ताई


१ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मला काल मिळालं. खानावळवाल्याने चुलीत घातलं नव्हतं, लोणी ठेवायच्या बरणीखाली ठेवलं होतं, म्हणून कडेने तेलकट झालंय. मी इथे नव्हतोच. बाहुल्यांचा खेळ करणारे लोक भेटले, त्यांना पडदा ओढायला माणूस हवा होता. त्यांच्यातला राक्षस काय बनवलाय म्हणून सांगू, डोळ्यांना वेगळी दोरी, ती ओढली की तो थेट आपल्याकडेच— ते असो.

पत्र वाचून मी खानावळीच्या मागे जाऊन बसलो, जिथे भांडी घासतात तिथे. अंगावर भावोजींनी शिवलेलीच पॅन्ट होती. हिला आतून एक चोरखिसा आहे. देताना म्हणाले होते, "भिंगऱ्या, हा खिसा परतीच्या भाड्याचा. ह्याला हात लावशील तर पुढची पॅन्ट एका पायाची शिवीन." मी त्या खिशाला कायम हात लावला. म्हणूनच मला यायला जमलं नाही कधी. आता कुणाला सांगू?

मी उद्याच निघतो. बंदराचा रस्ता लांब आहे पण ट्रकवाले ओळखीचे झालेत, तुझं उत्तर खानावळीवरून तेच मला पोचवतील. तो सापडला की आधी त्याचे दात पाडतो, मग तुला कळवतो.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

दात पाडायचे नाहीत. दात पडले की माणूस महिनाभर कण्हतो आणि मग कवळी बसवून मोकळा होतो. सापडला की फक्त कळवायचं. बोटसुद्धा लावायचं नाही. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार, नवरा माझा गेलाय.

आणि राक्षसाच्या डोळ्यांचं मला काय सांगतोस? वाटेत तमाशे बघत बसू नकोस.

माझी काळजी नको. दुकान पुन्हा लावलंय, इस्त्री चालू आहे, वेळेवर जेवते.

ताई


१५ मार्च

ताई,

सापडला.

मधे उशीर झाला कारण कलिंगडांचा एक ट्रक उलटला आणि ड्रायव्हर रडायलाच लागला, त्याला सोडून कसा येणार? आम्ही रस्त्याच्या कडेला बसून कलिंगडं विकली. फुटलेली आम्हीच खाल्ली. ते असो. बंदराच्या अलीकडे एक पावाची भट्टी आहे. मी पाव घ्यायला उभा होतो आणि आतून एक माणूस फळकुटावर पाव घेऊन आला. कान दुमडलेला. आधी कान बघितला, मग तोंड. तोच. केस पांढरे झालेत, बाकी तोच. माझ्या हातात गरम पाव होता तो मी इतका आवळला की त्याचा लगदा झाला.

ताई, मी हात लावला नाही. मालकाला विचारलं, माणूस हवाय का, तो म्हणाला पोती उचलशील का, मी म्हटलं उचलीन. आता मी इथलाच. सगळे त्याला काका म्हणतात. त्याने मला ओळखलं नाही. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मला मिसरूडही नव्हतं.

इथे काम रात्रभर चालतं आणि दिवसा सगळे मागच्या लांबट खोलीत पथाऱ्या टाकून झोपतात. खरं सांगू का नको असं झालंय, पण तू म्हणशील लपवलंस. ताई, तो झोपतो. पाठ टेकली की झोपतो. तोंड उघडं टाकून, पाय फाकवून, घोरतो. मी शेजारी बसून बघत होतो. तान्हं मूल झोपावं तसा.

सांग आता, काय करू.

भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं.

झोपतो? माझ्या घरादारावरून पाणी फिरवून तो घोरतो? ह्याच झोपेपायी ना सगळं झालं? मग तीच काढून घे.

त्याच्या डोक्याशी कुठे खिडकी असेल तर बघ. तिच्या बाहेर पत्र्याचा डबा पालथा ठेव. वरती पाण्याने भरलेलं दुसरं डबडं टांग, तळाला सुईने भोक पाड. थेंब थेंब पडू दे. तो झोपला की लावायचं, उठून शोधायला लागला की काढायचं. दुसऱ्या दिवशी परत.

ओरडायचं नाही, शिवी द्यायची नाही. त्याच्याशी गोड बोल. आणि मला सगळं लिही. त्याचे डोळे कसे दिसतात ते लिही. जेवतो किती, हात कसे चालतात, सगळं. राक्षसाचं जेवढ्या हौसेने लिहिलंस तेवढ्या हौसेने लिही.

ताई


९ एप्रिल

ताई,

तू म्हणालीस तसंच केलं. त्याच्या डोक्यामागे बरोब्बर खिडकी आहे आणि बाहेर अडगळीचा बोळ. बाकीचे पंख्याखाली लांब झोपतात, त्यांना पंख्याच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी पहिला थेंब पडला आणि तो उठून बसला. धडपडून नाही, हळू. भिंतीकडे बघत राहिला. मग पथारी उचलून दाराजवळ नेली. मी डबा दाराबाहेर नेला. परत खिडकीशी आला, मी परत नेला. आता तो कूस बदलत पडून असतो. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. परवा पिठात मीठ दोनदा घातलं आणि मालकाने सगळ्यांसमोर झापलं. काल पाव भट्टीतच विसरला, कोळसा झाला. जेवताना घास हातात धरून बसतो. पुरे का एवढं?

मी पोत्यांवरून पिठावर आलोय. ताई, मळलेल्या पिठाला कधी हात लावून बघ. झाकून ठेवायचं आणि थोड्या वेळाने बोट खुपसायचं, ते बोट हळूहळू बाहेर ढकलतं. झोपेतून उठवल्यावर मी तुला ढकलायचो तसं. मला वाटलं नव्हतं मी एका जागी एवढा टिकेन. काका— म्हणजे तोच, तो मला शिकवतो, दुसरं कोण शिकवणार.

भिंगरी


१८ एप्रिल

चि. भिंगरी,

वाह रे माझ्या भावा!

आता खरं सांगते. दुकान लावलंय म्हणून लिहिलं होतं ते साफ खोटं. मी माळ्यावरच पडून होते. शेजारीण ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. तुझं पत्र आलं, पिशव्यांचं वाचलं, आणि मला भूक लागली. अशी भूक की तिच्या घरी जाऊन मागून खाल्लं. मग खाली उतरले, फळ्या टाकून टेबल केलं, इस्त्रीत कोळसा घातला. पहिला कपडा मास्तरांचा. ओल्या कापडावर इस्त्री ठेवली की तो चर्र आवाज आणि तो वास, मी विसरलेच होते रे. उभी राहून नुसता वास घेतला.

शेजारीण म्हणते, "काय गं, चेहऱ्यावर रंग आला?" मी म्हटलं, "एका माणसाची झोप उडालीय, म्हणून." तिला वाटलं मी लग्नाबिग्नाचं बोलतेय, तोंडावर हात ठेवून पळाली.

पुरे का म्हणून विचारतोस? भोक मोठं कर.

आणि तो तुला शिकवतो हे परत लिहू नकोस.

ताई


२ मे

ताई,

हात न धुताच लिहायला बसलोय.

आज उजाडताना तो पीठ मळायच्या यंत्रापाशी उभा होता. मी पाठीमागून पोतं घेऊन येत होतो. बघतो तर हा उभ्या उभ्या झोपलेला. मान पुढे, हात पिठात. बाहीचं टोक त्या फिरत्या दांड्यात गेलं. मग बाही, मग हात. तो ओरडलासुद्धा नाही, झोपेतच होता. मी पोतं टाकलं, बटण मारलं आणि त्याला मागून कव घालून ओढलं. बाही फाटली म्हणून सुटला. मनगटापासून कोपरापर्यंत सोललाय. हाड वाचलं.

डबा मी काढून टाकलाय. चेपून टाकलाय, परत कामाचा राहिला नाही.

भिंगरी


१० मे

का ओढलंस?


४ जून

ताई,

तुझं ते पत्र मी किती दिवस खिशात घेऊन फिरलो. दोन शब्द. खाली नावसुद्धा नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणी लिहिलंय.

का ओढलं म्हणजे काय? समोर माणूस यंत्रात चाललाय आणि मी ताईला पत्र टाकून विचारू, ओढू का? मारायचाच असेल तर तू ये. मी भटक्या आहे, वाया गेलेला आहे, पण हे माझ्याने होणार नाही. आणि आणखी एक लपवलं होतं, ते पण सांगतो. मला तो आवडतो. भट्टीतून पहिला पाव निघाला की तो सगळ्यात नव्या माणसाला देतो, म्हणजे मला. तो पाव मी खात आलोय आणि डबा टांगत आलोय, दोन्ही. आता बोल.

पण मुद्दा वेगळा आहे. मी त्याच्या हाताला पट्टी बांधत होतो. तो म्हणाला, "तुझी ताई चिडली की तिचं पण नाक असंच फुगतं."

माझ्या हातून पट्टीच पडली. पहिल्या दिवसापासून ओळखतो मला. मी म्हटलं, "आणि डबा?"

"तो पण दुसऱ्याच दिवशी बघितला."

"मग काढला का नाहीस?"

तर म्हणतो, "हा आवाज मी एकदा बंद केला होता. आता परत कुठल्या तोंडाने बंद करू?"

मी पट्टी उचलून परत बांधायला घेतली. नंतर म्हणाला, "तुझ्या भावोजींना शेवटचं मी बघितलं." भिंत फुटली तेव्हा तो टाकीच्या शिडीवर होता आणि भावोजी खाली गल्लीत. मी विचारलं, काय बघितलंस? नाही सांगत. मी चिडलो, हात जोडले, मालकाची शपथ घातली. म्हणतो, "ते तिचं आहे. तुला कसं देऊ?"

तो तुझ्याकडे यायला तयार आहे. घाबरलाय, पण तयार आहे. गल्ली त्याला उभा फाडेल हे त्याला कळतं. तुला पण कळतं. आता तू ठरव. मी मधे येणार नाही, ना मारायला ना वाचवायला.

भिंगरी


१३ जून

चि. भिंगरी,

पाठव.

दुपारचा पाठव, गल्ली जेवून आडवी झालेली असते तेव्हा. त्याला म्हणावं परतीचं काही धरून चालू नकोस.

तू येऊ नकोस. तू आलास की मला ताई व्हावं लागेल, आणि त्या दिवशी मला ते व्हायचं नाही.

ताई


५ जुलै

ताई,

त्याला बसवून दिलं त्याला दोन आठवडे होऊन गेले. काय झालं? तू तुरुंगात नाहीस ना? इथे शिळा पेपर पावाला गुंडाळायला येतो, मी प्रत्येक कागद आधी वाचतो आणि मग गुंडाळतो, गिऱ्हाइकं शिव्या घालतात. एक ओळ टाक. वाईट असली तरी टाक.

भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुरुंगात नाही. कामात होते.

तो आला तेव्हा मी इस्त्री करत होते. निखारे ताजे होते. तो दारात उभा राहिला, मी इस्त्री उचलून हातात धरली आणि म्हटलं, "बैस. बोल." तो उंबऱ्याच्या बाहेर मातीतच बसला. म्हणाला, जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पंप चालूच. तसाच शिडी चढला. पाणी काठावरून वाहत होतं. खाली हे उभे, दात घासत, तोंडात फेस. ह्यांनी वर बघितलं आणि ओरडले, "काय रे टाकीवाल्या, मासे धरतोस का? एखादा चांगला लागला तर मला दे. बायकोला सांगू नको, ती तळायच्या आधी इस्त्री करील!"

आणि हसायला लागले. स्वतःच्या विनोदाला स्वतःच, नेहमी हसायचे तसे. टाकीवाला म्हणाला, भिंत गेली तेव्हा ते हसतच होते. वर भिंतीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पुसायला टॉवेल शोधत होते.

भिंगरी, इतके महिने डोळा लागला की हे मला हाका मारताना दिसायचे. मी माळ्यावर, आणि हे खालून हाका मारतायत, आणि मला उतरता येत नाही. आणि हा माणूस मला सांगतो की हाका नव्हत्याच. हे गल्लीत उभे राहून माझीच टर उडवत होते! ती पण पाणक्याजवळ!

मला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. हसता हसता उचकी लागली. हातातली इस्त्री कधी टेबलावर ठेवली कळलं नाही आणि खाली मास्तरांचा सदरा. धूर निघाला. त्या वासाने समोरून मास्तर धावत आले, मागून शेजारीण, आणि सगळ्यांनी दारात बसलेल्याला बघितलं.

पुढचं तुला कळेलच. कुणी काठी आणली, कुणी विटा उचलल्या. मास्तरांच्या हातात काही नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तो उठला नाही, पळाला नाही. मान खाली घालून बसला. मी एक पाऊल बाजूला झाले असते तर झालं असतं सगळं. तेवढंच करायचं होतं, आणि ह्या एका पावलासाठीच तर मी त्याला बोलावलं होतं.

मी इस्त्री उचलली आणि त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हा माझा आहे. ज्याला मारायचा असेल त्याने आधी हिच्याशी बोलावं."

शेजारीण किंचाळली, "अगं, तुला दया येते ह्याची?"

दया? दया कसली आलीय! तुम्ही मारलात की हा एका दुपारीच सुटणार. माझी एवढी रात्रंदिवसाची मेहनत, आणि हा असा स्वस्तात जाणार? मी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही सांगा. तुमची आई होती." त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या दारातल्या रिकाम्या बादलीकडे. मग म्हणाले, "गल्लीला पाणी नाहीये." एवढंच बोलून घरात गेले.

तेव्हापासून तो पाणी वाहतो. लांबच्या विहिरीवरून, बादल्या खांद्यावर, प्रत्येक घरी. नवी टाकी होईपर्यंत, आणि नव्या टाकीचं काम कुणी मनावर घेतलेलं नाही, मी घेऊ देत नाही. ज्या दारात जातो तिथे ज्याला जे बोलायचं ते बोलतात. म्हातारे बोलतात, पोरं नावं ठेवतात. मास्तर एक शब्द बोलत नाहीत, रिकामी बादली दारात ठेवतात आणि त्याच्या समोर उभे राहून भरून घेतात. मला वाटतं त्यांचं सगळ्यात जास्त लागतं.

माझ्या घरी तो शेवटी येतो. मी त्याला कधी सोडत नाही. पाणी कमी आणलं तर बोलते, जास्त आणलं तर सांडलंस म्हणून बोलते. माझं तोंड किती छान चालतं हे मलाच माहीत नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या आज काय बोलायचं ते ठरवते आणि चहाला चव येते. दोन घरांचे कपडे नवीन लागलेत. मास्तरांना सदरा करून दिला, बाही जरा आखूड झाली, हे असते तर हसले असते. संध्याकाळी शेजारणीबरोबर विहिरीपर्यंत फिरून येते, उगाच, हवा बरी असते.

तू ये की एकदा. दोन दिवस राहून पुन्हा भटकायला जा, अडवणार नाही. येताना तुझ्या हातचा पाव आण, बघू तरी काय शिकलास.

परवा तो बादली खाली ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. खांदा सोललेला. म्हणाला, "ताई, हे किती वर्षं चालायचं?"

मी म्हटलं, "माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे."

तुझी,
ताई